आतोबा जेवढे काळे होते तेवढे

मांडवी, रत्नागिरी
९ नोव्हेंबर २०२५, रविवार

ती. गुणवंतीआत्यास नमस्कार.

मार्चमध्ये तुला लिहिलेल्या पत्रात मी एक गोष्ट खोटी लिहिली होती. आधी ती दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की आतोबांचा फोटो लॅबमध्ये छापताना उजळ झाला. तसं झालं नव्हतं. मी पाठवला तसाच लॅबने छापला. त्यांना उजळ मी केलं, आपल्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर बसून. लॅबवाल्यांना हे कधी कळणार नाही, पण तेव्हापासून त्यांच्याकडे गेले की मला त्यांच्याकडे नीट बघवत नाही.

हे कसं झालं ते सांगते. माफीसाठी नाही, नोंद बरोबर असावी म्हणून. आपल्याकडे चेहरा उजळणं हे वेगळं काम कधी मानलंच नाही. दाजीआजोबांच्या वेळी आरशाखाली पावडरचा डबा असायचा, ते तू स्टुडिओत काम करायचीस म्हणून तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. बाबांनी मला काम शिकवलं तेव्हा डब्याच्या जागी कॉम्प्युटरवरचं एक बटण आलं होतं. लग्नाचे आठशे फोटो असतात. ते सगळे एकदम निवडायचे आणि बटण दाबायचं. नवरा, नवरी, करवल्या, भटजी, सगळे एकदम उजळतात. गिऱ्हाईक म्हणतं, छान आलेत. आतोबांचा फोटो मी त्याच सवयीने केला.

तेराव्याला मी तो फ्रेम करून आणला. तू तो खिडकीपाशी नेलास, उजेडात धरलास आणि विचारलंस, "हा कुणाचा माणूस?" बायका वळून बघायला लागल्या. तू फ्रेम बाकावर पालथी ठेवलीस. मला वाटलं तू रडशील. तू म्हणालीस, "घेऊन जा." मी घेऊन आले. त्याला आता नऊ महिने होतील. तू मांडवीच्या घरातल्या कुणाचा फोन उचललेला नाहीस.

तुझ्या अजिंक्यशी मात्र माझं बोलणं होतं. परवा त्याचा मुंबईहून फोन आला. म्हणाला, माघात बाबांचं वर्षश्राद्ध आलं आणि आईने भिंतीवर नुसता खिळा ठेवलाय. फोनमधला एखादा फोटो छापू का विचारलं तर म्हणाली, त्यातसुद्धा ते नाहीत. मग मी माझ्याकडचे सगळे फोटो काढून पाहिले. अजिंक्यची मुंज, माझ्या बारावीचे पेढे, गणपतीतली आरती. तुझं खरं आहे. घरातलं सगळं मीच टिपलं आणि सगळं त्या बटणाखालून गेलं. मूळच्या फाइली मी ठेवत नाही, डिस्क भरते म्हणून पुसते. फोनमधले फोटो तर फोनच उजळून देतो.

वर्षश्राद्धाच्या आधी मला तुला आतोबांचा खरा फोटो द्यायचा आहे. तो कुठून आणायचा ते अजून माहीत नाही.

तुझी,
शमिका


मांडवी
२३ नोव्हेंबर

आत्या,

उत्तराची वाट बघत नव्हते, असं लिहिणार होते. बघत होते.

मागच्या पत्रानंतर मी एक मूर्खपणा केला. ती तेराव्याची फाइल उघडली आणि त्यातला रंग काढून टाकला. मला वाटलं, रंग गेला की उजळपणाही जाईल. काळा-पांढरा फोटो खरा दिसतो, जुना दिसतो, कुणी काही बोलत नाही. आतोबा राखेने माखल्यासारखे दिसायला लागले. चूक होती तिथेच राहिली, फक्त तिचा रंग गेला.

मग बाबांना म्हटलं, मला काळं-पांढरं मुळापासून शिकवा. फिल्म, अंधारी खोली, सगळं.

"आता?" बाबा म्हणाले. "माणसं बैलगाडीतून विमानात जातात. तू विमानातून उतरून बैल शोधतेस."

पण दुसऱ्या दिवशी तेच माळ्यावर चढले. छपाईचा एन्लार्जर खाली आणला, स्वतःच्या बनियनने पुसला. मुंबईहून फिल्म, कागद आणि औषधं मागवली. मागच्या कोठीच्या खोलीला खिडकी नाही, तिथे लाल बल्ब लावला. तांदळाची पिंपं बाहेर काढली म्हणून आई अजून बोलते आहे.

पहिला रोल पूर्ण वाया गेला. मी कुंपणाच्या गडग्याचा फोटो काढला, जांभ्याचा लाल दगड आणि त्यावर हिरवंगार शेवाळ. रंगात तो असा आला असता की आंब्याच्या पेटीवर छापावा. कागदावर दगड आणि शेवाळ एकाच राखाडीचे निघाले, कुठे दगड संपला ते कळेना. हिरव्या चुड्याचं आणि लाल शालूचंही तेच. सहा वर्षं मी हापूसच्या जाहिराती आणि लग्नं करते आहे, लोक म्हणतात शमिकाची नजर चांगली. रंग काढून घेतला तर नजर बरीच कमी भरते, असं दिसतंय.

दुसरा रोल घेऊन मांडवीच्या किनाऱ्यावर गेले. म्हटलं, आपली वाळूच काळी आहे, निदान ती तरी काळी येईल. कॅमेऱ्यातला उजेडाचा मीटर सांगेल तसे आकडे लावले. वाळू आली सिमेंटसारखी. बाबांना दाखवली तर हसले.

"मीटर खुळा असतो गो. त्याला काय पण दाखव, तो मधला राखाडीच समजतो. काळं दाखवलंस की त्याला वाटतं उजेड कमी पडला. मग जास्त घेतो. काळं ठेवायचं असेल तर त्याचं ऐकायचं नाय, आपण उजेड दोन घरं कमी घ्यायचा."

मी विचारलं, "मग काळ्या माणसाचा फोटो काढताना?"

"तसंच."

"पण आपण कधी कमी केलं नाही."

 बाबांनी भिंग पुसायला घेतलं. ते आधीच स्वच्छ होतं.

तिसऱ्या रोलला दोन घरं कमी केली. त्यातला एक वाळूचा फोटो सोबत ठेवते आहे. छापताना सेकंद बाबांनी मोजले, दाजीआजोबांसारखे: एक नारळ, दोन नारळ, तीन नारळ. तुला तो बघावासा वाटला नाही तर बघू नकोस, पण टाकू नको. चांगला नाही हे मला ठाऊक आहे. काय चुकलं ते ठाऊक नाही.

शमिका


मांडवी
१४ डिसेंबर

आत्या,

तुझं कार्ड गुरुवारी आलं. ते माझ्यासमोर ठेवून लिहिते आहे, म्हणजे चुकीचं काही उतरायला नको.

"काळं मळकट आलंय. घाबरून कागद लवकर काढतेस. औषधात पूर्ण दोन मिनिटं राहू दे. विनोदला नारळ मोजायला देऊ नको, तो पहिल्यापासून घाईचा."

मी ते बाबांना दिलं. त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या.

"आशीर्वाद नाय दिलान?"

"नाही."

"खाली नाव?"

"नाही."

"मग बरी आहे. ताई खरी रागावली असती तर सगळं रीतसर लिहिलं असतंन."

तू म्हणालीस तेच होत होतं. कागद ट्रेमध्ये सोडला की आधी काहीच नसतं, मग चित्र उमटतं, मग गडद व्हायला लागतं. त्या वेळी माझा हात आपोआप पुढे जातो. आणखी काळं व्हायच्या आत मी कागद उचलते. आता भिंतीवरचं घड्याळ खोलीत नेलं आहे आणि दोन मिनिटं होईपर्यंत हात पाठीमागे बांधून उभी राहते. काळं खरोखर काळं आलं. आणि मला वाटत होतं तसं त्यात सगळं बुडालं नाही. वाळूवरच्या खेकड्यांच्या रेघासुद्धा दिसल्या.

आता दुसरी दुरुस्ती. पहिल्या पत्रात मी लिहिलं की आतोबांचा फोटो मी सवयीने उजळला. तेही पूर्ण खरं नाही. बटण दाबल्यावर मी थांबले होते. कॉम्प्युटरवर दोन्ही फोटो शेजारी दिसतात, मूळचा आणि केलेला. मी दोन्ही पाहिले. मला वाटलं, माणसं येतील, पहिल्या नजरेत आतोबा चांगले दिसावेत. म्हणजे मूळचे ते मला चांगले दिसले नाहीत. मग मूळचा पुसला.

ते स्वतः यावर किती बोलायचे ते आठवतं. "मला सावलीत उभा करू नको गो बाय, सावली कुठली नि मी कुठला, तुझा कॅमेरा गोंधळायचा." आम्ही सगळे हसायचो. मी सगळ्यात जास्त हसायचे, कारण ते मला उद्देशून असायचं. तू हसायचीस का, ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला. आठवत नाही. तुझ्याकडे मी बघितलं नसेन.

इथपर्यंत लिहिलेलं मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांच्याबद्दलही लिहिलं आहे, त्यांना न विचारता पाठवणं बरं वाटेना. ते बराच वेळ काउंटरवर बोटाने रेघा मारत बसले. मग म्हणाले, "माझं पण लिही खाली." मी त्यांच्याच शब्दांत लिहिते:

"ताईच्या लग्नाच्या दिवशी दाजींनी आत्मारामला बसवून दोनदा पावडर लावली, ती सगळ्या मांडवाने पाहिली. त्याच्याकडच्या माणसांनी पण पाहिली. पण फोटोत तो जो गोरा आला, तो पावडरीने नाय आला. निगेटिव्हवर चेहऱ्याच्या जागी शिसपेन्सिल फिरवली की छापताना तेवढा भाग पांढरा येतो. ती पेन्सिल मी फिरवली. दाजींनी नव्हती सांगितली. मी तेव्हा एकोणीसचा, हात नवीन बसला होता. वाटलं, ताई खूश होईल."

मी विचारलं, आत्याला हे माहीत आहे का. बाबा म्हणाले, "तिला वाटतं दाजींनी केलं. दाजी गेले तेव्हासुद्धा ती दोन दिवसच राहिली. मी तेव्हा बोलायला हवं होतं."

तुझ्या घरी लग्नाचा फोटो का नाही, हे मी लहानपणी आईला विचारलं होतं. आई म्हणाली होती, खाऱ्या हवेने खराब झाला असेल. मी ते खरं धरून चालले होते.

शमिका


मांडवी
४ जानेवारी २०२६

आत्या,

आज जरा अक्षर वाईट येईल.

स्टुडिओच्या खालच्या खोलीतून दाजीआजोबांच्या निगेटिव्हचे डबे काढले. पावसाळ्यांनी बहुतेकांची वाट लावली आहे. पाकिटं एकमेकांना चिकटली आहेत, उघडली की चित्र पाकिटालाच राहतं. बाबा आणि मी तीन दुपारी बसून वेगळं करत होतो. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या डब्यात मला तुझ्या अक्षरातलं एक पाकीट मिळालं. "आत्माराम, वेळणेश्वर. बोटीचा परवाना." तुझा 'ळ' तेव्हापासून तसाच आहे, खाली शेपूट काढलेला.

निगेटिव्ह उजेडावर धरलं तर मी ओळखलंच नाही. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं ना, आतोबा गोरेपान आणि अंगातला सदरा काळा. मग नाक ओळखलं. आणि एक डोळा बारीक करायची ती सवय.

पाकिटात एक नाही, तीन निगेटिव्ह आहेत. बाबांनी तिन्ही ओळीने ठेवली.

"परवान्याला तीन पोझ कशाला लागतात गो?" म्हणाले. तेराव्यानंतर बाबांना एवढं हसताना मी पाहिलं नव्हतं. "आणि दाजी जेवायला घरी गेलेले असणार. दाजी असते तर एकाच्या वर फिल्म वापरू दिली नसतीन."

पहिल्यात आतोबा परवान्याला बसतात तसे बसले आहेत, ताठ. दुसऱ्यात सदऱ्याच्या गुंडीला हात लावला आहे, तू बहुतेक काहीतरी नीट करायला सांगितलं असशील. तिसऱ्यात ते भिंगाकडे बघतच नाहीत. नजर थोडी वर आहे, जिथे कॅमेऱ्यामागच्या माणसाचं तोंड येईल तिथे. मी फोटो काढायला लागल्यापासून माझ्याकडे कुणी असं बघितलेलं नाही, हे मी उगीच लिहिते आहे, पण आता खोडत नाही.

पावडर नाही. कपाळावर घाम चमकतो आहे त्यावरून कळतं. पेन्सिलही नाही, मी भिंगातून तिन्ही तपासली. म्हणजे आतोबा जसे होते तसे या पाकिटात सदतीस वर्षं राहिले आणि आम्ही त्यांच्या वरच्याच खोलीत बसून लोकांना गोरं करत होतो.

हे फोटो तुझे आहेत. तुझ्या परवानगीशिवाय मी ते छापणार नाही. एक ओळ लिहून पाठव, किंवा अजिंक्यला सांग. वर्षश्राद्धाला चोवीस दिवस आहेत.

शमिका


मांडवी
२१ जानेवारी, बुधवार

आत्या,

अजिंक्यचा फोन आला. तू पत्र वाचलंस, दोनदा वाचलंस असं त्याला वाटतं, आणि मग म्हणालीस, "फोटो नको. पाटावर सुपारी ठेवून करू." त्याने कारण विचारलं तर तू म्हणालीस, "तुमच्या मामाच्या घरातून माझा माणूस पुन्हा एकदा बदलून यायला नको."

ते मी समजू शकते. तरी हे पत्र लिहिते आहे, आणि त्यात आधी कबुली आहे. परवानगीशिवाय छापणार नाही असं मी लिहिलं होतं. छापला. तिसरा. तुझं उत्तर यायच्या आधी, दहा तारखेला. छापून बघते, पाठवणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं, पण तुला लिहिलं होतं ते वेगळं होतं.

एक छापला असता तर निदान सोपं होतं. मी सात छापले. उजेड किती सेकंद द्यायचा त्यावर माणूस किती काळा येणार ते ठरतं. आठ सेकंदांना आतोबा गव्हाळ आले. बावीसला इतके काळे की सदऱ्याची कॉलर हवेत तरंगत होती. मधे पाच. सगळे नीट छापलेले, प्रत्येक कागद पूर्ण दोन मिनिटं ठेवलेला, मळकट एकही नाही. कागद म्हणून बघितले तर सातही बरोबर आहेत. त्यांतले आतोबा कुठले?

वाळल्यावर काउंटरवर ओळीने मांडले. बाबांनी तिसरा उचलला. मी पाचवा. मग बाबा म्हणाले, तुझाच बरोबर असेल, आणि मी म्हणाले, नाही, तुमचा असेल. आम्ही दोघंही अंदाज करत होतो. मी डोळे मिटून त्यांना आठवायला गेले तर मला दिसतात ते माझेच फोटो, आरतीतले, मुंजीतले, बटण दाबलेले. बाबांना म्हटलं, तुम्ही तर त्यांना सदतीस वर्षं ओळखत होता.

बाबा म्हणाले, "आम्ही त्याला कधी नीट बघितलाच नाय."

हे त्यांनी लिहायला सांगितलेलं नाही. पण लिहू नको असंही म्हणाले नाहीत.

म्हणून आत्या, मी तुला फोटो देणार नाही. मला तो छापता येत नाही. हात बसला नाही असं नाही, तो आता बऱ्यापैकी बसला आहे. त्यांचा काळा किती होता ते मला माहीत नाही. ते माहीत असलेलं माणूस एकच आहे आणि तिला छपाईही येते.

मी सगळं सामान घेऊन येते. एन्लार्जरचे तीन भाग होतात, ते बारदानात बांधले आहेत. ट्रे, औषधाच्या बाटल्या, लाल बल्ब, कागदाचं न उघडलेलं पाकीट. तुझ्याकडे आतोबांची जाळी ठेवायची खोली आहे, तिला खिडकी नाही आणि दार आतून लागतं. आत विजेचा एक प्लग लागेल, तो आहे का अजिंक्यला विचारलं, तो म्हणाला आहे. सेकंद तू ठरव. कागद तू सोड, तूच उचल. मी हवं तर खोलीच्या बाहेर बसेन. तुला मदत लागली तर आत येईन. निगेटिव्ह मी हाताळून झाल्यावर पुन्हा तुझ्या त्याच पाकिटात ठेवली आहेत, तिन्ही. ती यापुढे तुझ्याकडेच राहू देत. छापायचं नसेल तर नको छापूस. छापलास आणि भिंतीवर लावायचा नसेल तर पेटीत ठेव. श्राद्ध सुपारीवरच होऊ दे, मी त्यात बोलणार नाही. सात कागदही आणते आहे. तू सांगशील तर तुझ्यासमोर चुलीत घालेन.

तू दार उघडलं नाहीस तर काय करायचं, हेही मी ठरवलं आहे. ओट्यावर बसायचं, हाका मारायच्या नाहीत, शेवटच्या फेरीबोटीच्या वेळेला सामान तिथेच ठेवून निघायचं. ते घरात घ्यायचं की नाही ते तू बघ.

बाबाही येतो म्हणतात. म्हणाले, "एन्लार्जर जड आहे, तुला एकटीला फेरीत चढवता येणार नाय." मी तो उचलून पाहिला आहे, मला येतो. पण त्यांचं कारण त्यांनी तुला स्वतः सांगावं, मी त्यात पडत नाही. काल त्यांनी दाढी करताना मला दोनदा विचारलं की ताईला अजून वाळवलेल्या आंबरसाची साटं आवडतात का. मी म्हटलं, तुमची बहीण, तुम्हाला माहीत असायला हवं.

तिथी बुधवारी आहे, अठ्ठावीसला. छापलेला कागद धुऊन सपाट वाळायला एक दिवस लागतो, हे तुला मी सांगायला नको. सकाळची पहिली जयगड गाडी सहाला सुटते, तिथून फेरीने तवसाळ, पुढे वेळणेश्वरला मिळेल ते वाहन. उशीर झाला तरी अकराच्या आत पोचू. मी तुझ्या दारात येते आहे मंगळवारी, २७ जानेवारीला.

शमिका